कुंत्सेव्हो, मतदारसंघ क्रमांक १९७ : कागदावर पुढे, सर्व्हरवर मागे

मॉस्कोच्या पश्चिमेला कुंत्सेव्हो नावाचा भाग आहे, स्टालिन १९५३ मध्ये ज्या बंगल्यात वारला तो इथलाच. याच नावाचा रशियन संसदेचा म्हणजे ड्युमाचा एक मतदारसंघ आहे, नंबर १९७, आणि राजकारणापेक्षा स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी जास्त बघावा असा तो आहे.

आधी थोडं बॅकग्राउंड. १९९३ पासून ड्युमात ४५० जागा, त्यातल्या २२५ मतदारसंघातून आणि २२५ पक्षाच्या यादीतून, त्यामुळे तिथला मतदार दोन मतं देतो, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. २००७ आणि २०११ ला मतदारसंघच रद्द होते, सगळ्या जागा यादीतून. मग २०१६ ला परत आणले, पण नव्या सीमा आखताना बऱ्याच मोठ्या शहरांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला आजूबाजूची खेडी जोडली, कारण नाराज मतदार शहरात जास्त आणि खेड्यात सरकारी पक्षाची मतं पक्की. रशियात याला 'पाकळ्या' म्हणतात. मॉस्कोत ही युक्ती चालत नाही, सगळं शहरच, त्यामुळे तिथे १५ शहरी मतदारसंघ झाले आणि त्यातला एक कुंत्सेव्हो.

२०१६ ला इथून पुतिन यांच्या 'युनायटेड रशिया'चे व्याचेस्लाव लिसाकोव्ह आरामात आले, हे मूळचे गाडीवाल्यांच्या हक्कांसाठी भांडणारे कार्यकर्ते. मॉस्कोत तेव्हा मतदान जेमतेम ३५ टक्क्यांच्या आसपास झालं होतं, लोकांना फारसा रसच नव्हता.

खरी गंमत २०२१ ची. युनायटेड रशियाने उभा केला टीव्ही अँकर येवगेनी पोपोव्ह, सरकारी चॅनलवर बायकोसोबत '६० मिनिटं' नावाचा शो करणारा, आणि समोर मिखाईल लोबानोव्ह, मॉस्को विद्यापीठात गणित शिकवणारा, कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर पण पक्षाचा मेंबर नसलेला. पुतिनविरोधी नेता नवाल्नी याच्या टीमनेही लोकांना त्यालाच मत द्या म्हणून सांगितलं होतं. मतदान १७ ते १९ सप्टेंबर, कागदी मतपत्रिका मोजल्या तेव्हा लोबानोव्ह दहा हजारांपेक्षा जास्त मतांनी पुढे. मॉस्कोत ऑनलाइन मत द्यायचीही सोय होती, त्या मतांचा आकडा मात्र रात्री आलाच नाही, तो आला दुसऱ्या दिवशी, आणि तो धरल्यावर पोपोव्ह साधारण ३५ टक्के, लोबानोव्ह ३२ च्या जरा खाली. मॉस्कोत इतर काही मतदारसंघांतही असंच झालं आणि शेवटी १५ च्या १५ जागा सरकारला हव्या त्या उमेदवारांकडे गेल्या.

आता यात विज्ञान कुठं? तर रशियात निवडणुकीच्या आकड्यांचं पोस्टमॉर्टेम करणारी एक अख्खी परंपरा आहे, सर्गेई श्पिल्किन नावाच्या फिजिसिस्टमुळे ती गाजली. आयडिया सोपी आहे. समजा एका बूथवर १००० मतदार, ३५० आले, त्यातल्या १२० जणांनी सरकारी पक्षाला मत दिलं, म्हणजे मतदान ३५ टक्के आणि पक्षाला ३४ टक्के. आता कुणीतरी पेटीत २०० खोट्या मतपत्रिका कोंबल्या, की मतदान ५५ टक्के आणि पक्षाची मतं ५५० पैकी ३२०, म्हणजे ५८ टक्के. दोन्ही आकडे एकदम वर सरकतात. मग प्रत्येक बूथ म्हणजे एक ठिपका असं धरून आलेख काढला की धड झालेल्या बूथचे ठिपके एका जागी गोळा दिसतात आणि बाकीचे धूमकेतूच्या शेपटीसारखे वर उजवीकडे पसरतात. वर ७५, ८०, ८५ अशा गोल टक्केवारीवर बूथची गर्दी दिसते, कारण वरून टार्गेट आलं की खालचा माणूस बरोबर तेवढाच आकडा गाठून देतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये मॉस्कोत निदर्शनं झाली तेव्हा लोक चक्क 'आम्ही नॉर्मल डिस्ट्रिब्युशनच्या (म्हणजे घंटेच्या आकाराच्या, शेपूट नसलेल्या आलेखाच्या) बाजूने' असे फलक घेऊन आले होते. असा फलक मी अजून दुसरीकडे पाहिलेला नाही.

नुसता आलेख म्हणजे पुरावा नव्हे, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण २०११ च्याच निवडणुकीत संशोधकांनी मॉस्कोतल्या ३१६४ बूथपैकी १५६ बूथ लॉटरीसारख्या पद्धतीने निवडले, तिथे स्वयंसेवक निरीक्षक बसवले आणि बाकीच्या बूथशी तुलना केली, अगदी नव्या औषधाची चाचणी करतात तशी. निघालं काय, तर युनायटेड रशियाची खरी मतं ४७ च्या ऐवजी ३६ टक्क्यांच्या आसपास असावीत. निरीक्षक समोर असला की ११ टक्के गायब!

आता ऑनलाइन मतदानाची अडचण कळेल. कुंत्सेव्होची ऑनलाइन मतं अख्ख्या मतदारसंघाची मिळून एका गठ्ठ्यात मोजली गेली, तिथे शेकडो ठिपके नाहीत, शेपूट काढायला जागाच नाही, आणि निरीक्षकाने बघायचं तरी काय, सर्व्हरची पेटी? सरकारी बाजूचं म्हणणं असं की आमचे मतदार ऑनलाइन जास्त आले, आणि हे अगदीच हवेतलं नाही, सरकारी नोकरदारांना ऑनलाइन नोंदणी करायला लावल्याच्या तक्रारी मतदानाआधीपासूनच होत्या, त्यामुळे ऑनलाइन मतदार आणि कागदी मतदार हे दोन वेगळे गट असू शकतात. म्हणजे फरक दिसला म्हणून घोटाळा सिद्ध होत नाही. पण घोटाळा झाला नाही हेही बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही, आणि माझ्या मते खरी गडबड इथेच आहे. कम्युनिस्ट पक्ष कोर्टात गेला, निकाल काही बदलला नाही.

तसं या सिस्टीमचं रेकॉर्डही फार भारी नव्हतं. २०१९ ला मॉस्कोत पहिला प्रयोग करायच्या आधी कोड पब्लिक केला होता, तेव्हा पियरिक गोद्री या फ्रेंच संशोधकाने दाखवलं की मतं लॉक करणारी किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, २५६ बिटपेक्षाही छोटी आहे (बिट जितके जास्त तितकी किल्ली फोडायला अवघड) आणि साध्या कॉम्प्युटरवर, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून ती साधारण २० मिनिटांत फोडता येते. मग घाईघाईने किल्ली १०२४ बिटची केली.

लोबानोव्हला २०२३ मध्ये सरकारने 'फॉरेन एजंट' म्हणजे परदेशाचा हस्तक ठरवलं, विद्यापीठातली नोकरी गेली, तो देश सोडून गेला. आणि २०२४ च्या मॉस्को शहर ड्युमाच्या (ही शहराची स्वतःची विधानसभा, संसद नव्हे) निवडणुकीपर्यंत गोष्ट इतकी पुढे गेली की ज्याला कागदी मतपत्रिका हवी त्याने आधीच तसा अर्ज करून ठेवायचा, नाहीतर बूथवर जाऊनही मत मशीनवरच.