कॉपरबँड आणि पोवळ्यांची टाकी: तुटलेली आणि पुन्हा जुळलेली सांगड

अठराव्या शतकात बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, रुग्णालयाचे प्रमुख हॉमेल यांनी एक मोठे पसरट पिंप समुद्राच्या पाण्याने भरून घेतले. तोंडातून पाण्याची चिळकांडी मारून माशी पाडणारे मासे त्यात सोडले, पाणी एक दिवसाआड बदलायला लावले आणि काठीच्या टोकाला टाचणीने माशी टोचून त्यांचा नेम पाहिला. हा वृत्तांत १७६४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. वर्णनाबरोबर जो मासा पोचला तो मात्र भलताच होता: नारिंगी पट्ट्यांचा, लांब तोंडाचा कॉपरबँड, म्हणजे निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये वर्णन केलेला, फुलपाखरू माशांच्या कुळातला चेल्मॉन रोस्ट्रेटस. खरा नेमबाज होता टॉक्सोटीस हा वेगळाच मासा. कॉपरबँडचे तोंड पिचकारीचे नाही, चिमट्याचे आहे. खडकाच्या फटीतले किडे आणि बारीक जीव ते एकेक करून उपसते. या माशाच्या संगोपनाचा पुढचा सारा इतिहास हे तोंड नीट न ओळखल्याचा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाक्या वाढल्या, तेव्हा त्यांत जिवंत पोवळे जवळजवळ नसेच. तळाशी खड्यांखालून पाणी गाळणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर, वर पोवळ्यांचे ब्लीचने पांढरे केलेले मेलेले सांगाडे आणि पाण्यात तांबे. पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन आणि त्याहून घातक अमायलूडिनियम या परजीवींवर तांबे हे हुकमी औषध होते. पण ज्या मात्रेला परजीवी मरतात त्या मात्रेला पोवळी, कोळंबी, गोगलगायीही मरतात. शिवाय चुनखडीचे खडक आणि वाळू तांबे शोषून घेतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. त्यामुळे एकदा तांबे पडलेली टाकी पोवळ्यांसाठी बाद धरली जाई. मासे पाळणारे एकीकडे आणि पोवळी पाळणारे दुसरीकडे, ही फाळणी इथे झाली. पोवळ्यांचे शत्रू समजले जाणारे फुलपाखरू मासे, आणि त्यांच्यातला कॉपरबँडही, पहिल्या गटाच्या वाट्याला आले आणि निर्जीव पांढऱ्या सांगाड्यांवर टोचायला काहीच न मिळाल्याने उपाशी मेले.

दुसरी वाटही जकार्तातूनच निघाली होती. ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली: समुद्राचे पाणी, जिवंत खडक (म्हणजे समुद्रातले, जीवजंतूंनी भरलेले खडक), ऊन आणि हवेचे मंद बुडबुडे. त्यांच्या टाकीत पोवळी आणि मासे एकत्र जगत. मात्र ताजे समुद्रपाणी आणि ताजा खडक हाताशी नसलेल्यांना हे साधणे कठीण होते.

त्याच दशकात आणखी एक वाईट गोष्ट सुरू झाली. फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे पकडायला सोडियम सायनाइड वापरले जाऊ लागले. पोवळ्यांच्या फटीत ते फवारले की मासा गुंगतो आणि हाती लागतो. सायनाइड पेशींचे श्वसन रोखते. त्यातून वाचलेला मासा दुकानात ठीक दिसतो आणि पुढे काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरतो. १९७५ च्या मत्स्य हुकुमाने तिथे विषारी मासेमारीवर बंदी आली, तरी प्रकार थांबला नाही. ‘कॉपरबँड जगतच नाही’ ही समजूत पसरली त्यात या विषाचा मोठा हात होता, असे आमचे मत आहे. ऑस्ट्रेलियातून येणारे, जाळ्याने पकडलेले मासे अधिक टिकतात, असा जाणत्या पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. म्हणून विकत घेताना किंमत विचारण्याआधी मासा कुठला, हे विचारावे.

तुटलेली सांगड जोडली ती जर्मन पाळणाऱ्यांनी. पीटर विल्केन्स यांनी पोवळ्यांना कॅल्शियम पुरवणाऱ्या चुन्याच्या निवळीचा, म्हणजे काल्कवासरचा, पुरस्कार केला. बर्लिनमध्ये डीट्रिख श्ट्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरपूर जिवंत खडक, जोरदार स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र) आणि प्रखर दिवे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली. अमेरिकेत १९८६ मधील जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ‘मिनी रीफ’, म्हणजे जिवंत पोवळ्यांची छोटी टाकी, घरोघरी नेले. जिवंत खडकाबरोबर एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूलही आले. ते तोडले तर उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा उगवते, पसरते आणि पोवळ्यांना डंख मारते. कॉपरबँडला ते खायला आवडते. ज्याला पोवळ्यांचा शत्रू म्हणून बाहेर ठेवले होते, त्यालाच राखणदार म्हणून आत बोलावणे आले.

पण सगळे फुलपाखरू मासे एका माळेचे मणी नाहीत. कुळात सुमारे १३० जाती आहेत. १९७० च्या दशकात हवाईमध्ये अर्न्स्ट रीस यांनी त्यांच्या खाण्याचा अभ्यास करून, पोवळे खाणाऱ्या जातींवरून समुद्रातल्या पोवळ्यांच्या खडकाची तब्येत ओळखता येईल, अशी मांडणी केली. पाळणाऱ्याला त्यातून सरळ बोध मिळतो. कीटोडॉन ट्रायफॅसिॲलिस, मेयेरी, ऑर्नॅटिसिमस, बॅरोनेसा या जाती जवळजवळ पोवळ्यांवरच जगतात. त्या घरी आणूच नयेत. हेमिटॉरिक्थिस पॉलिलेपिस आणि हेनिओकस डायफ्र्युटीस पाण्यात तरंगणारे जीव खातात, त्यामुळे पोवळ्यांच्या टाकीत सर्वांत निर्धोक. डायफ्र्युटीससारखाच दिसणारा ॲक्युमिनेटस मात्र पोवळ्यांना चोच मारतो, आणि दुकानात दोघे एकाच नावाने विकले जातात. कॉपरबँड मधला: पोवळ्यांना सहसा हात लावत नाही, पण पंख्यासारखे नळीकिडे फस्त करतो आणि कधी मोठ्या शिंपल्यांच्या मांसल कडांना टोचतो.

जुन्या फाळणीचे उत्तर वेगळ्या क्वारंटाइन टाकीत सापडले. त्यात वाळू-खडक नको, फक्त पीव्हीसी पाइपचे तुकडे. नाहीतर तांबे शोषले जाऊन मात्रा कोसळते. आयनिक तांबे असेल तर ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर, महिनाभर, रोज मोजून. त्याखाली परजीवी वाचतात, त्यावर मासा धोक्यात येतो. मासा खायला लागेपर्यंत औषध सुरू करू नये. उपाशी माशाला तांबे सोसत नाही.

घेताना ८ ते १२ सेंटिमीटरचा घ्यावा. त्याहून लहान लवकर खंगतो, फार मोठा नवे अन्न स्वीकारत नाही. डोळ्यांमागे किंवा पोटाशी खळगा दिसला तर सोडून द्यावा. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगावे. टाकी किमान ४५० लिटरची आणि वर्षभर मुरलेली असावी, म्हणजे खडकात टिपायला काहीतरी असते. तिसरी, म्हणजे खायचा छोटा शिंपला, उघडून खडकाच्या फटीत खोचली की हट्टी मासाही बहुधा तोंड लावतो. या तिसऱ्या वापरण्यापूर्वी काही दिवस गोठवून ठेवाव्यात. मग त्याच जागी मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) ठेवत सवय लावावी. दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे द्यावे. एप्टेशिया संपली की त्याचे पोट भरले असे समजणे ही हमखास चूक, कारण नेमके तेव्हाच तो खंगू लागतो. टँग जातीचा आक्रमक मासा आधी सोडलेला असेल, तर कॉपरबँड भीतीने खाणे सोडतो.

भारतात २००१ पासून खडक बांधणारी सर्व पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवण किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून जिवंत पोवळे उचलणे हा गुन्हा आहे. मासेही आजवर मुख्यतः समुद्रातूनच येतात. फुलपाखरू माशांची पिल्ले खुल्या समुद्रात डोक्यावर हाडांच्या ढाली घेऊन थोलिक्थिस नावाच्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे तरंगतात, आणि त्या काळात त्यांना पुरेल इतके बारीक जिवंत खाद्य टाकीत सतत देत राहणे अतिशय अवघड आहे.