पार्श्वभूमी : रात्रपाळीतले सोने

गोव्यात साखळीच्या बाजारात एक सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, तासाला 20 रुपये, आणि दार लावले की आत घामाचा वास. 2006-07 च्या सुमाराला, बारावीत असताना, तिथे मी पहिल्यांदा बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारा प्रोग्राम, चालताना पाहिला. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ खेळतोय असे सगळे म्हणत होते, पण त्याच्या स्क्रीनवर खेळ नव्हताच. होती फक्त एक काळी खिडकी, आणि तिच्यात अक्षरांच्या ओळी सरसर वर सरकत होत्या. अमुक प्राण्यावर वार केला, एवढी इजा झाली, पडलेली वस्तू उचलली, जवळ शिकार नाही म्हणून फ्लाय विंग वापरून दुसरीकडे उडी मारली. ओझे वाढले की पात्र आपणहून शहरात परतायचे, काफ्राच्या गोदामात माल टाकायचे आणि पुन्हा रानाची वाट धरायचे. मुलगा समोरच्या हॉटेलात भाजीपाव खाऊन परत आला तरी ओळी सरकतच होत्या.

त्या प्रोग्रामचे नाव कोरे. पुढे त्याचीच ओपनकोरे ही शाखा जगभर पसरली. तो पर्ल भाषेत लिहिलेला होता आणि कोणालाही फुकट मिळायचा. खेळाचे चित्र उभे करण्याच्या भानगडीत तो पडतच नसे, थेट सर्व्हरशी बोलत असे. पलीकडे माणूस आहे असे सर्व्हर धरून चालायचा. चित्रच नसल्यामुळे एका जुनाट मशीनवरही चार-पाच पात्रे एकदम राबवता येत.

आपल्याकडे ऑनलाइन खेळांची चर्चा निघते ती व्यसनाच्या अंगाने. फेब्रुवारी 2019 मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी हा घराघरांत शिरलेला राक्षस आहे, असे म्हणून गोव्यात त्यावर बंदीची गरज बोलून दाखवली. मुलांच्या अभ्यासाची काळजी खरीच आहे. पण या खेळांच्या पोटात मजुरीचा एक मोठा इतिहास आहे. तो मला जास्त अस्वस्थ करतो, आणि त्यावर आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने, आणि त्याच्या बरोबरीने रिचर्ड बार्टलने, ‘मड’ नावाचा खेळ उभा केला. सगळा खेळ अक्षरांत, पण अनेक माणसे एकाच जगात वावरणारी. सप्टेंबर 1997 मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला, 1998 मध्ये कोरियात ‘लिनिएज’, मार्च 1999 मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’. या सगळ्या जगांत वर चढण्याची शिडी एकच: तेच तेच प्राणी मारा, त्यांच्या अंगची नाणी उचला, थोडे बळकट व्हा, पुन्हा मारा. खेळाडू याला ग्राइंड म्हणतात, म्हणजे आपले दळणच. हे दळण मुद्दाम लांबवलेले असते, कारण खेळाडू महिन्याची वर्गणी भरतो आणि जितका जास्त काळ दळेल तितके महिने भरतो. बॉट आणि खेळातल्या सोन्याचा, म्हणजे नाण्यांचा, बाजार या दोन्हींचे मूळ इथेच आहे, असे माझे मत आहे. खेळातला एखादा तुकडा इतका कंटाळवाणा करून ठेवला की माणूस तो टाळण्यासाठी पैसे मोजायला तयार होतो, तिथे दुसरा कोणीतरी पैसे घेऊन तो कंटाळा सोसायला उभा राहणारच.

तो बाजार सर्वात आधी उघडपणे दिसला ईबेवर. ‘अल्टिमा’तली नाणी, घरे, वाढवलेली पात्रे तिथे डॉलरमध्ये विकली जाऊ लागली. 2001 मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’च्या मालकांनी आपल्या खेळातल्या मालाची विक्री ईबेला बंद करायला लावली, पण त्याच वर्षी हिशेब मांडायला एक अर्थतज्ज्ञ आत शिरला. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी या लिलावांचे दर गोळा करून ‘एव्हरक्वेस्ट’मधल्या नॉराथ या देशाचे दरडोई उत्पन्न काढले. ते भरले वर्षाला 2,266 डॉलर, म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठेतरी. तिथल्या एका तासाच्या दळणाची किंमत त्यांनी काढली 3.42 डॉलर. अमेरिकन माणसाला ही मजुरी हास्यास्पद वाटावी अशी, पण जगातल्या कितीतरी माणसांना ती चांगल्या पगारासारखी होती.

गोव्याच्या वाचकाला हे समजावायला मांडवीतले कॅसिनो पुरेत. तिथली चिप म्हणजे प्लास्टिकची चकती. खिडकीवर नेऊन दिली की तिचे पैसे होतात. खेळातल्या नाण्याला अशी खिडकी नव्हती, कंपन्यांनी ती नियम करून बंद ठेवली होती. मग बाहेरच्या लोकांनी स्वतःची खिडकी थाटली. त्यातली सर्वात मोठी आयजीई. ब्रॉक पियर्सने 2001 मध्ये काढलेली ही कंपनी पुढे हाँगकाँगमधून कारभार करू लागली, आणि 2006 मध्ये गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेचा कोट्यवधी डॉलरचा पैसा तिच्यात आला. तो आणण्यात स्टीव्ह बॅनन होते, हेच पुढे डोनाल्ड ट्रम्प यांचे सल्लागार झाले.

खिडकीच्या मागे मालाची रांग लागली ती चीनमध्ये. नोव्हेंबर 2004 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ निघाला आणि बघता बघता लाखो खेळाडूंचा झाला. गिऱ्हाईक अमेरिका-युरोपात, आणि नाणी जमवणारे हात चिनी शहरांतल्या खोल्यांत. 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकाने नानजिंगमधल्या अशाच एका खोलीचा वृत्तांत छापला. रात्रपाळी बारा तासांची. शंभर सोन्याची नाणी जमवली की कामगाराला 10 युआन, म्हणजे सव्वा डॉलर. तासाला हिशेब पडायचा 30 सेंट. तीच शंभर नाणी मालक तीन डॉलरला किंवा थोड्या जास्त भावाने विकायचा, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला ती वीस डॉलरपर्यंत पडायची. मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड हीक्स यांनी 2008 मध्ये अंदाज बांधला की या धंद्यात सुमारे 4 लाख माणसे आहेत, त्यातली बहुतेक चीनमध्ये, आणि सरासरी कमाई महिन्याला 145 डॉलर.

ही वर्षे आम्हा साखळी-डिचोलीच्या लोकांना वेगळ्याच कारणाने आठवतात. त्याच चीनला तेव्हा लोखंड हवे होते, आणि एरवी कोणी विचारले नसते असे हलक्या प्रतीचे खनिजही इथल्या खाणींतून तिकडे जात होते. रस्ता ट्रकांनी भरलेला, झाडांची पाने लाल. माझे काका आमोण्याच्या जेटीवर ट्रिपा मारायचे. पगार नव्हता, जेवढ्या ट्रिपा तेवढे पैसे. म्हणून रात्री अंगणात बसून ते बोटांवर ट्रिपा मोजायचे, आणि एखादी हुकली तर जेवताना गप्प असायचे. नानजिंगच्या खोलीचा तो हिशेब पहिल्यांदा वाचला तेव्हा मला काकांची ती बोटे आठवली. शंभर नाण्यांमागे 10 युआन म्हणजे दुसरे काय?

म्हणून त्या काळात खेळाडूंनी या कामगारांशी जे केले ते मला आजही सहन होत नाही. कोणी गप्प राहून एकाच जागी शिकार करताना दिसला की तो ‘चायनीज फार्मर’. त्याला शिव्या द्यायच्या, इंग्रजीत प्रश्न विचारून उत्तर आले नाही की टोळीने मारायचे. खोलीतल्या माणसाच्या शंभर नाण्यांना तेवढा वेळ जास्त लागायचा, एवढाच त्याचा परिणाम. मधल्या सतरा डॉलरना धक्काही लागत नसे. 2011 मध्ये तर ‘गार्डियन’ने हेलाँगजियांग प्रांतातल्या एका श्रमछावणीतल्या माजी कैद्याची हकीकत छापली. दिवसा दगड फोडायचे आणि रात्री पहारेकऱ्यांसाठी खेळातली नाणी जमवायची. ठरलेला आकडा भरला नाही तर मार.

बॉट हा याच माणसांचा प्रतिस्पर्धी. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, दोन्ही एकाच पोत्यात कोंबले जातात. 30 सेंटांत माणूस मिळत असताना बॉट लिहायचा कशाला? कारण बॉटला झोप नाही आणि त्याचे 30 सेंटही वाचतात. 2005 मध्ये अमेरिकेतल्या मायकल डॉनेलीने ‘वॉरक्राफ्ट’साठी ग्लायडर काढला, किंमत 25 डॉलर. कोरेसारखे खेळ बाजूला सारणे त्याच्या रीतीत नव्हते. खेळ चालूच राहायचा, ग्लायडर कॉम्प्युटरच्या मेमरीत डोकावून शत्रू कुठे आहे ते वाचायचा आणि माणसाच्या वतीने कळा दाबायचा. अशा बॉटांना पकडायला ‘वॉरक्राफ्ट’ची मालक कंपनी ब्लिझार्डने वॉर्डन नावाचा पहारेकरी प्रोग्राम खेळाडूंच्या मशीनवर बसवला, आणि मग आपल्या मशीनमध्ये कंपनी किती डोकावते यावर वेगळेच वादळ उठले. ग्लायडरच्या लाखभर प्रती खपल्या. प्रकरण कोर्टात गेले. 2008 मध्ये ॲरिझोनाच्या न्यायालयाने डॉनेलीच्या विरोधात कौल दिला, 2009 मध्ये ग्लायडर बंद पडला. डिसेंबर 2010 मध्ये अपील न्यायालयाने मात्र बारकावा केला: बॉट वापरणे हा कराराचा भंग आहे, पण तेवढ्याने कॉपीराइटचा भंग होत नाही. वॉर्डनला चुकवणारे साधन विकणे हा मात्र कायद्याचा भंगच ठरला.

या सगळ्यात सर्वाधिक शिकवून जातो तो केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा ‘रूनस्केप’. ब्राउझरमध्ये चालणारा, फुकट, जानेवारी 2001 मध्ये सुरू झालेला. बॉटांचा त्रास पहिल्यापासूनच. आधी त्यांनी पात्राला थकवा यायची सोय केली. दमलेल्या पात्राला झोपवायचे, आणि जागे करायला पडद्यावरचा वेडावाकडा शब्द टाइप करायचा. थोड्याच दिवसांत तो शब्द वाचणारे प्रोग्राम निघाले. पुढे सोने विकणारे टोळके चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर सभासदत्व घेऊ लागले. पैसे परत जायचे आणि भुर्दंड कंपनीला. डिसेंबर 2007 पासून जॅगेक्सने हातात कुऱ्हाडच घेतली. खेळाडूंनी एकमेकांना मोकळेपणाने माल देण्यावर मर्यादा, आणि जंगलात एकमेकांना मारण्याची मुभाही काढून घेतली. सोने विकणे अवघड झाले, पण मित्राला भेट देणेही अवघड झाले. हजारो खेळाडू निघून गेले. तीन वर्षांनी कौल घेतला, प्रचंड बहुमताने जुनी पद्धत परत मागितली गेली, आणि फेब्रुवारी 2011 मध्ये ती परत आली. तिच्या पाठोपाठ बॉटही आले, इतके की झाडे तोडायला माणसाला जागा मिळेना. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला कंपनीने प्रोग्रामचा पायाच बदलून एका दिवसात पंधरा लाख खाती बंद केल्याचे जाहीर केले.

तुमच्या-माझ्यासारख्या साध्या खेळाडूचे यात काय जाते? प्रत्येक प्राणी मारला की नाणे नव्याने जन्माला येते, म्हणजे रानोमाळ टांकसाळी. बॉट म्हणजे चोवीस तास चालणारी टांकसाळ. नाणे स्वस्त होते आणि चांगली तलवार महाग. उलट लाकूड, खनिज, कातडी असा कच्चा माल बॉट ढिगाने आणतात, त्याचा भाव पडतो. प्रामाणिकपणे झाडे तोडून चार नाणी मिळवणाऱ्या नव्या पोराची दोन्हीकडून कोंडी होते. यापायी कितीतरी मित्रांनी आवडता खेळ सोडलेला मी पाहिला आहे.

सरकारांनी थोडेफार हातपाय मारले. चीनने 2009 मध्ये खेळातल्या चलनाने खरा माल घेण्यावर बंधन आणले, कोरियाने कायदे केले. परिणाम बेताचाच.

मग कंपन्यांनी स्वतःच खिडकी उघडली. ‘ईव्ह ऑनलाइन’ने प्लेक्स काढले, ‘रूनस्केप’ने 2013 मध्ये बाँड, आणि एप्रिल 2015 मध्ये ब्लिझार्डने टोकन. पैसेवाल्याने कंपनीकडून टोकन घ्यायचे, खेळातल्या बाजारात सोन्याच्या बदल्यात विकायचे, घेणाऱ्याने त्यावर महिनाभर खेळायचे. ‘डायब्लो 3’ने तर 2012 मध्ये थेट डॉलरचा लिलावच मांडला होता. लोक खेळायचे सोडून बाजारात बसू लागले आणि मार्च 2014 मध्ये तो मोडावा लागला.

मजूर मात्र हटला नाही, फक्त त्याचा देश बदलला. व्हेनेझुएलाचे चलन कोसळले तेव्हा तिथली माणसे ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये हिरवे ड्रॅगन मारून त्यांची हाडे-कातडी विकू लागली. त्या सोन्याचे डॉलर व्हायचे आणि डॉलरचे अन्न. 2017 मध्ये या माणसांना कुठे गाठावे आणि कसे मारावे याची सविस्तर मार्गदर्शिका इंग्रजीत लिहिली गेली. दहा वर्षांपूर्वीचा चिनी आता व्हेनेझुएलन झाला होता.

2021 मध्ये फिलिपिन्सात टाळेबंदीने घरी बसलेली माणसे ‘ॲक्सी इन्फिनिटी’ खेळू लागली. खेळायला तीन प्राणी विकत घ्यावे लागत, आणि ते गरिबाच्या आवाक्याबाहेर. मग मालक प्राणी उधार द्यायचा, कमाईत वाटा घ्यायचा आणि खेळणाऱ्याला ‘स्कॉलर’ म्हणायचा. गोव्यात भाटकार आणि कूळ हे नाते ज्यांच्या घरात दोन पिढ्यांमागे होते त्यांना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. कमाई मिळायची ती खेळाच्या क्रिप्टो चलनात. त्याचा भाव घसरत गेला, आणि मार्च 2022 मध्ये हे चलन ज्यावर फिरायचे त्या रोनिन जाळ्यातून 60 कोटी डॉलरहून अधिक चोरीला गेले. ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांची, असे अमेरिकेच्या एफबीआयने सांगितले.

इकडे ब्लिझार्डने 2019 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’चे जुने रूप ‘क्लासिक’ म्हणून परत आणले, खेळाडूंच्याच मागणीवरून, टोकन न ठेवता. बॉट पहिल्या महिन्यांतच हजर. जून 2020 मध्ये कंपनीने सांगितले की महिन्याभरात 74,000 खाती बंद केली. मे 2023 मध्ये त्या जुन्या खेळातही टोकन आले. टोकन स्वतः एकही नाणे घडवत नाही. ते घ्यायला लागणारे सोने कोणीतरी रानात जमवलेले असावे लागते, आणि ज्याच्याकडे ते सर्वात जास्त असते तो आजही रात्रभर जागा असतो: कधी माणूस, कधी ओळी सरकवणारी काळी खिडकी.