खर्चाच्या क्लेमची स्वयंचलित पूर्वतपासणी

कंपनीच्या कामासाठी कर्मचाऱ्याने स्वतःच्या खिशातून केलेला खर्च त्याला परत देण्याआधी, तो कंपनीच्या खर्च धोरणात बसतो का, हे संगणक प्रणालीने ठरलेल्या नियमांवरून पाहणे म्हणजे स्वयंचलित पूर्वतपासणी. प्रवास, मुक्काम, जेवण, पेट्रोल, टोल, कुरिअर, साइटवर ऐनवेळी घेतलेले किरकोळ सामान हे खर्च तिच्या कक्षेत येतात. हाताने चालणाऱ्या पद्धतीत व्हाउचरला बिले टाचली जातात, साहेबांची सही होते आणि खरी तपासणी शेवटी अकाउंट्सच्या टेबलावर, बहुधा महिनाअखेरीस होते. पुष्कळदा पैसे आधी जातात आणि चूक ऑडिटमध्ये सापडते. पूर्वतपासणीत बिलाचा फोटो ॲपमध्ये टाकल्याबरोबर नियम लागतात, आणि जे अडेल त्याचे कारण टाकणाऱ्याला तिथल्या तिथे दिसते.

नाशिकसारख्या औद्योगिक शहरात ही गरज ठळकपणे जाणवते. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यांतील मध्यम कारखान्यांचे सर्व्हिस इंजिनिअर आणि विक्रीची माणसे सतत मुंबई, पुणे, चाकण, छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर असतात. द्राक्ष निर्यातदारांची माणसे हंगामात गावोगावच्या बागांवर फिरतात. अशा ठिकाणी अकाउंट्स विभाग म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन माणसे. तीच पगार, जीएसटी आणि खरेदीची बिले सांभाळतात, आणि प्रवासखर्चाच्या क्लेमचा गठ्ठा मागे पडतो. त्याची झळ मात्र पगारातून टूरचा खर्च भागवणाऱ्या माणसाला बसते.

वेळेचे महत्त्व

तपासणी लवकर झाली तर चूक दुरुस्त होऊ शकते, हा या पद्धतीचा गाभा आहे. हॉटेलने बिल कंपनीऐवजी कर्मचाऱ्याच्या नावाने काढले आणि त्यावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नाही, असे समजू. चेक-आउट करतानाच ॲपने हे दाखवले, तर रिसेप्शनवरचा माणूस पाच मिनिटांत बिल बदलून देतो. पुढच्या महिन्यात तेच सांगितले, तर हॉटेलचे त्या महिन्याचे विवरणपत्र भरून झालेले असते. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची मासिक मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख असते, आणि त्यानंतर जुने बिल बदलायला कोणतेही हॉटेल खुशीने तयार होत नाही. कराचे क्रेडिट, म्हणजे बिलावर दिलेला जीएसटी कंपनीच्या देय करातून वजा करण्याची सोय, हातचे जाते, आणि त्यावरून कर्मचारी व अकाउंट्स यांच्यात वाद उरतो.

म्हणून चांगल्या मांडणीत तीन ठिकाणी नियम लागतात. टूरची मंजुरी घेताना अंदाजे खर्च आणि शहराची मर्यादा दिसते. बिल टाकताना त्याचे वाचन व मुख्य तपासणी होते. पैसे बँकेत पाठवण्याच्या आधी पूर्ण क्लेमवर शेवटची नजर फिरते. केवळ तिसऱ्या टप्प्यावर नियम लावणारी प्रणाली जुनीच दिरंगाई नव्या पडद्यावर दाखवते.

धोरणाचे नियमांत रूपांतर

‘वाजवी दरात मुक्काम करावा’ हे वाक्य माणसाला पुरते, यंत्राला नाही. त्याला शहराचा वर्ग, कर्मचाऱ्याची श्रेणी, खर्चाचा प्रकार, रक्कम करासह की कर सोडून, मर्यादा प्रतिरात्र की प्रतिदिवस, आणि नियम कोणत्या तारखेपासून लागू, इतके सारे स्पष्ट लागते. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्याच्या वर्गवारीत मुंबई व पुणे ‘एक्स’ आणि नाशिक ‘वाय’ वर्गात आहे. अनेक खासगी कंपन्या हीच विभागणी प्रवासालाही वापरतात. पण मुक्कामाचे दर घरभाड्याप्रमाणे वर्षभर एकसारखे राहत नाहीत. सिंहस्थाच्या पर्वकाळात नाशिक-त्र्यंबकमध्ये नेहमीच्या मर्यादेत खोली मिळत नाही. त्यामुळे २०२७ च्या पर्वणीच्या दिवसांसाठी तारखेनुसार वेगळी मर्यादा आधीच भरून ठेवणे आवश्यक आहे.

‘दिवस’ कधी सुरू होतो हा प्रश्नही वाटतो त्याहून किचकट आहे. पहाटे साडेचारला निघून रात्री अकराला परतणाऱ्याचा दिवस कॅलेंडरशी जुळतो. रात्री दहाला निघून दुसऱ्या दुपारी परतणाऱ्याचा जुळत नाही. बऱ्याच कंपन्या सहा ते बारा तासांना अर्धा आणि बारा तासांवर पूर्ण दैनिक भत्ता देतात. मग तास निघाल्यापासून मोजायचे आणि हॉटेलच्या भाड्यात नाश्ता असेल तर भत्त्यातून ठरलेला भाग वजा करायचा, हे नियमात लिहावेच लागते.

दर बदलला की नियम खोडून नवा लिहिणे ही सर्रास होणारी चूक. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ऑक्टोबरमध्ये टाकलेल्या १८ सप्टेंबरच्या बिलावर १२ टक्केच बरोबर आहेत. प्रणालीने क्लेमची तारीख पाहिली तर ते बिल उगाच अडते. प्रत्येक नियमाला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा हव्यात आणि तुलना खर्चाच्या तारखेशी व्हायला हवी.

बिलाचे वाचन

फोटोतून मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर विक्रेत्याचे नाव, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, कर आणि एकूण रक्कम वेगळी काढते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची दहा अक्षरे पॅन, आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले. त्यामुळे वाचनात एखादे अक्षर चुकले तर प्रणालीला लगेच कळते. बिल ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) असेल तर त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख व रक्कम डिजिटल सहीसह असते. तिथे अक्षरे ओळखत बसण्याऐवजी थेट कोड वाचावा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू आहे. काही व्यवसायांना सूट असल्यामुळे कोड नाही म्हणून बिल खोटे ठरवू नये.

वाचनात अडचण येते ती छोट्या बिलांत. एसटीचे तिकीट आणि पेट्रोल पंपाची पावती उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते; पाकिटात आठवडाभर राहिली, गाडीच्या डॅशबोर्डवर तापली, की अक्षरे पुसट होतात. हातबिलावर देवनागरी आकडे असले तर वेगळाच घोळ होतो: १ ला प्रणाली रोमन नऊ समजते, ४ ला आठ. १४० रुपयांचे जेवण ९८० चे दिसते आणि मर्यादेत अडकते. वाचनाची खात्री ठरावीक पातळीखाली असेल तर आकडा कर्मचाऱ्याकडूनच पक्का करून घ्यावा, लगेच क्लेम नाकारू नये.

एक क्लेम जवळून

समजा, सातपूरच्या कारखान्याचा सर्व्हिस इंजिनिअर ग्राहकाचे मशीन बंद पडल्याने स्वतःच्या कारने चाकणला गेला आणि एक रात्र राहिला. धोरण असे: कारला किलोमीटरमागे १० रुपये, मुक्काम कर सोडून २,५०० रुपये, जेवण दिवसाला ६०० रुपये. त्याने ३९० किलोमीटर, टोल, २,८०० रुपयांची खोली, त्याच बिलात ४१० रुपयांचे रात्रीचे जेवण आणि स्थानिक दुकानातून रोखीने घेतलेले १,१५० रुपयांचे बेअरिंग असा क्लेम टाकला.

एकेरी अंतर सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन ३६०. गावातल्या फेऱ्यांसाठी दहा टक्के सूट धरली तर ३९६ पर्यंत चालते. ३,९०० रुपये पास. फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये शिंदे, हिवरगाव पावसा आणि चाळकवाडी येथील नोंदी दोन्ही दिवशी सापडतात, टोल पास. त्याने याच तारखांचे पेट्रोलचे बिलही टाकले असते तर ते अडले असते, कारण किलोमीटरच्या दरात पेट्रोल आलेच. हॉटेलच्या बिलातील जेवण वेगळे काढून जेवणाच्या मर्यादेत मोजले जाते, तेही पास. खोली ३०० रुपयांनी वर आहे, म्हणून ॲप कारण विचारते. ‘मशीन रात्री अकराला सुरू झाले, जवळ हीच खोली मिळाली’ एवढे लिहिले की ती ओळ कारणासह साहेबांकडे जाते. बेअरिंगचे बिल कच्चे आहे आणि तो प्रवासखर्चही नाही. ती ओळ पक्क्या बिलासाठी थांबते आणि स्टोअर्सच्या खात्याकडे वळते.

एका ओळीसाठी अख्खा क्लेम रोखला नाही, हे इथे महत्त्वाचे आहे. पास झालेल्या ओळींचे पैसे पुढच्या बँक फाइलमध्ये जायला हवेत. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, तेव्हा महिन्यातून एकदाच पैसे सोडण्याला तांत्रिक कारण उरलेले नाही.

थांबवणे आणि विचारणे

सगळे नियम सारख्या ताकदीचे नसतात. तेच बिल दुसऱ्यांदा आले, तारीख टूरच्या बाहेरची आहे, मंजुरी देणारा स्वतःच क्लेम करणारा आहे अशा बाबी सरळ थांबवाव्यात. मर्यादा थोडी ओलांडणे, अंतरातला फरक, उशिरा टाकलेले बिल यांबाबत कारण विचारून पुढे पाठवावे. सुरुवातीलाच प्रत्येक नियम थांबवणारा केला, तर फील्डवरची माणसे ॲप सोडून पुन्हा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू लागतात आणि अकाउंट्सवाले तेच हाताने भरत बसतात. पहिला महिना नियम केवळ सूचना देण्यापुरते चालू ठेवून, कोणता नियम किती वेळा आणि त्यातले किती वेळा चुकीने अडवतो ते पाहावे.

दुहेरी बिल शोधताना विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम यांची जोडी मुख्य. हॉटेलातले छापील बिल आणि कार्ड मशीनची स्लिप हे दोन वेगळे खर्च म्हणून येणे नेहमीचे; रक्कम आणि वेळ जुळली की ते ओळखता येते. एकाच खोलीत राहिलेल्या दोघांनी एकच बिल टाकले तर ते पकडणे अवघड जाते, कारण क्लेम दोन नावांवर असतात. तुलना एका माणसापुरती न ठेवता पूर्ण कंपनीत करावी. यूपीआयचा स्क्रीनशॉट पैसे गेल्याचे दाखवतो, काय घेतले ते दाखवत नाही. त्याला बिल मानू नये.

नाशिकमध्ये रिक्षाचे बिल मिळत नाही. चहावाला, हमाल यांचेही तसेच. त्यासाठी बिलाशिवायची छोटी मर्यादा ठेवावी लागते. ती २०० असेल तर १९० चे क्लेम वाढतात. म्हणून एका ओळीऐवजी महिन्याच्या बेरजेवर लक्ष ठेवणे अधिक उपयोगी. ग्राहकासोबतच्या जेवणाचे बिल हजर असलेल्यांपैकी सर्वांत वरिष्ठाने भरावे हा नियमही प्रणालीत हवा. नाहीतर कनिष्ठाने भरलेले बिल सोबत जेवलेला साहेबच मंजूर करतो. नाशिकला आलेल्या पाहुण्यांना वायनरीवर नेले जाते. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्याने बिलात व्हॅटची ओळ वेगळी येते आणि ती ओळखून पाहुणचाराच्या वेगळ्या मंजुरीकडे पाठवता येते.

कर आणि चुकीचे अडथळे

प्रत्येक बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक हवाच, हा नियम सोपा वाटतो आणि फार नुकसान करतो. पेट्रोल व डिझेल जीएसटीत नाही; पंपाच्या पावतीवर तो मागणे निरर्थक. खाण्यापिण्याच्या करावर सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार साधारणपणे क्रेडिट मिळत नाही. हॉटेलच्या खोलीवर कर हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला लागतो. म्हणून फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या नाशिकच्या कंपनीला पुण्याच्या बिलाचे क्रेडिट मिळू शकते, बेंगळुरूच्या बिलाचे नाही. तेव्हा ही अट राज्यात राहिलेल्या मुक्कामाला कडक आणि बाहेरच्या मुक्कामाला सैल ठेवावी. विमान तिकिटाचे उलट आहे: बुकिंग करतानाच कंपनीचा क्रमांक भरला तर क्रेडिट मिळते, राज्य कोणतेही असो.

साइटवरच्या रोख खरेदीसाठी वेगळा नियम लागतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४०अ(३) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिल्यास तो खर्च वजावटीस पात्र राहत नाही. ८,००० आणि ६,००० अशी दोन बिले करून आणली तरी बेरीज त्याच दिवसाची धरली जाते, म्हणून प्रणालीने विक्रेता आणि तारीख जोडूनच पाहावे.

अंतराचे तक्ते जुने होतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यावर मुंबईकडे जायला कसारा घाटाला पर्याय मिळाला; एकाच मार्गाचे टोलनाके धरून बसवलेला नियम दुसऱ्या मार्गाने गेलेल्याचा खरा क्लेम संशयित ठरवतो. नियम बदलण्याचा अधिकार अकाउंट्सच्या एका जबाबदार व्यक्तीकडे असावा आणि कोणी, कधी, काय बदलले याची नोंद पुसता येऊ नये.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. मूळ पावती तोवर पांढरी पडलेली असते, त्यामुळे फोटो, वाचलेले आकडे, लागलेले नियम आणि दिलेली कारणे एकत्र साठवावीत. सॉफ्टवेअर बदलताना बहुतेक कंपन्या आकड्यांची एक्सेल फाइल तेवढी उतरवून घेतात आणि बिलांचे फोटो जुन्या खात्यातच राहतात. करार संपवण्याआधी दोन्ही, क्लेम क्रमांकानुसार जोडलेले, हातात घ्यावेत.