राखीव कंट्रोलर नेमका कुठे बसवायचा?

आगीच्या वेळी इमारतीत बोलून सूचना देणाऱ्या स्पीकर यंत्रणेला राखीव कंट्रोलर घ्यायचं ठरलं की पहिली नजर मुख्य कंट्रोलरच्या रॅककडे जाते. तिथे जागा असते, वायरी आलेल्या असतात, वीज हाताशी असते. काम अर्ध्या दिवसात उरकतं. पण अशा रीतीने बसवलेला कंट्रोलर फक्त एकाच संकटात कामाला येतो: पहिल्या कंट्रोलरचं सर्किट आपसूक बिघडलं तर. आग, पाणी, वीज जाणं यांपैकी काहीही घडलं तर दोघं एकदमच बंद पडतात.

उंच इमारतीत किंवा मॉलमध्ये नुसता हूटर वाजला तर लोक आधी एकमेकांकडे बघतात. टेस्टिंग चाललंय की खरंच काही झालंय, हे त्यांना कळत नाही. ‘लिफ्ट वापरू नका, जवळच्या जिन्याने खाली उतरा’ हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून स्पष्ट ऐकू आलं की पाय उचलतात. आग ओळखणाऱ्या फायर पॅनेलकडून इशारा घेणं, कोणत्या मजल्यावर कोणता संदेश वाजवायचा ते ठरवणं, माइकवरच्या माणसाला वाट करून देणं आणि स्पीकरच्या लाइन तपासत राहणं हे सगळं कंट्रोलर करतो. ॲम्प्लिफायर वीस असले तरी त्यांना हुकूम देणारा हा एकच.

गणित साधं आहे. समजा एखादा कंट्रोलर ऐन वेळी दगा देण्याची शक्यता शंभरात एक आहे. दोन कंट्रोलर एकमेकांवर अजिबात अवलंबून नसतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक होते. पण दोघांना वीज एकाच एमसीबीतून (बिघाड झाला की वीज तोडणाऱ्या स्विचमधून) मिळत असेल, तर तो एमसीबी पडण्याची जेवढी शक्यता, निदान तेवढी तरी संपूर्ण यंत्रणा गप्प होण्याचीही. पैसे दोन कंट्रोलरचे आणि खात्री एकाची.

मुंबईत हे पाण्याच्या बाबतीत फार खरं आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस पुन्हा होवो न होवो, बेसमेंटमध्ये पाणी शिरायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. त्यामुळे आणीबाणीच्या यंत्रणेचा कंट्रोलर किंवा बॅटरी बेसमेंटमध्ये नको. मुख्य कंट्रोलर तळमजल्यावरच्या फायर कमांड सेंटरमध्ये असेल, तर राखीव कंट्रोलर काही मजले वर, आगीला अडवणाऱ्या भिंतींच्या पलीकडे, वेगळ्या खोलीत हवा. दोघांच्या केबल वेगवेगळ्या शाफ्टमधून जाव्यात, कारण विजेच्या डक्टमध्ये आग लागली की त्या डक्टमधलं सगळंच जातं. नुसती केबल आगीत टिकणारी असून भागत नाही, तिला धरणारे क्लिपही धातूचे लागतात. प्लास्टिकचे टाय वितळतात, केबल लोंबकळते आणि तुटते. एक आणीबाणीचा माइक राखीव कंट्रोलरजवळही हवा, नाहीतर खालची खोली धुराने भरल्यावर बोलायचं कुठून?

आता वीज. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईभर वीज गेली तेव्हा बॅटरी आणि जनरेटरवरच सगळी भिस्त होती. राखीव कंट्रोलरला वेगळ्या डीबीतून (वीज वाटणाऱ्या पेटीतून) स्वतंत्र एमसीबी आणि स्वतःची बॅटरी द्यावी. बॅटरीचा हिशोब असा: 24 तास शांत बसायचं आणि त्यानंतर अर्धा तास संदेश वाजवायचा. समजा 24 व्होल्टवर, ॲम्प्लिफायर धरून, शांत असताना 0.5 अँपिअर आणि संदेश वाजताना 20 अँपिअर लागतात. पहिल्याचे 12 अँपिअर-तास. दुसऱ्याचे साध्या गुणाकाराने 10, पण वेगाने उपसली की लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही, म्हणून 1.75 ने गुणून 17.5. बेरीज 29.5. बॅटरी जुनी होत जाणार, म्हणून आणखी 1.25 ने गुणायचं: सुमारे 37. बाजारात मिळणारी 40 अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर 10 अंशांमागे या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. गच्चीखालच्या बंद खोलीत पाच वर्षांची बॅटरी अडीच वर्षांत संपली, तर दोष बॅटरीचा नसून त्या खोलीचा असतो.

दोन कंट्रोलर एकमेकांना सतत छोटे निरोप पाठवत असतात, ‘मी आहे’ एवढंच सांगणारे. निरोप थांबले की राखीव कंट्रोलर कारभार हातात घेतो. सगळ्यात नाजूक जागा हीच. मुख्य कंट्रोलर धडधाकट आहे, फक्त मधली केबल तुटली, तर राखीव कंट्रोलरला तो मेल्यासारखा वाटतो. मग दोघंही स्वतःला मालक समजून एकाच मजल्यावर दोन वेगळे हुकूम देतात. म्हणून नेटवर्क रिंगमध्ये जोडतात: एका जागी तुटलं तरी निरोप दुसऱ्या बाजूने पोचतो. मात्र रिंग जोडण्याआधी नेटवर्कच्या केबल एकत्र आणणाऱ्या स्विचमध्ये लूप रोखणारी सोय चालू करायलाच हवी. ती बंद असेल तर तोच डेटा गोल गोल फिरत राहतो आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क तुंबतं. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा 100 मीटर. उंच टॉवरमध्ये फायबरच टाकावा.

फायर पॅनेलचा इशारा दोन्ही कंट्रोलरपर्यंत पोचला पाहिजे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकाच ड्राय कॉन्टॅक्टवरून (स्वतःची वीज न देता फक्त उघड-बंद होणाऱ्या संपर्कावरून) दोन्हीकडे वायर ओढणं. प्रत्येक इनपुट वायरच्या टोकाला लावलेल्या रेझिस्टरमधून बारीक प्रवाह सोडून वायर तपासत असतो. दोन प्रवाह एकत्र आले की दोन्हीकडे खोटा फॉल्ट दिसतो, आणि कंटाळून कोणीतरी तपासणीच बंद करून टाकतो. दोन स्वतंत्र कॉन्टॅक्ट असलेला रिले (विजेच्या इशाऱ्याने उघड-बंद होणारा स्विच) लावला की प्रश्न मिटतो.

जोडणी झाली की दोघांचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) एकाच आवृत्तीचं आहे का ते बघा, आणि संदेशांच्या फाइल राखीव कंट्रोलरमध्ये खरोखर उतरल्या आहेत का ते वाजवून ऐका. सेटिंग आली पण आवाजाच्या फाइल आल्याच नाहीत, असं झालं तर दिवे सगळे हिरवे आणि स्पीकर मुके राहतात.

चाचणी निव्वळ बटण दाबून करू नये. आधी सोसायटीत सूचना लावा. काम चालू असताना यंत्रणा बंद राहणार असेल, तेवढा वेळ मजल्यांवर माणसं फिरती ठेवा. मग संदेश वाजत असताना मुख्य कंट्रोलरची वीज काढा आणि घड्याळ लावा. संदेश किती सेकंदांनी आपणहून पुन्हा सुरू होतो ते लिहून ठेवा. माइकवरचं बोलणं मध्येच तुटेल, तेव्हा माइकवाल्याला पुन्हा बटण दाबायची सवय लावा. दुसऱ्यांदा वीज चालू ठेवून फक्त नेटवर्कची केबल काढा. तिसऱ्यांदा मुख्य कंट्रोलर बंद करून परत चालू करा: त्याने संदेश वाजत असताना कारभार हिसकावून घेऊ नये. परतीची पाळी सगळं शांत झाल्यावर, माणसाने हाताने द्यावी. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून आगप्रतिबंधक यंत्रणांचं प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. त्याच दोन वेळी या तिन्ही चाचण्या करून सेकंदांचे आकडे रजिस्टरमध्ये मांडावेत. जुलैचा आकडा जानेवारीपेक्षा वाढलेला दिसला, तर आधी स्विच आणि फायबरच्या जोडण्या तपासायच्या.