पापाची पावकी : अद्भुतकथेतला सूड आणि बघे

इंदूरच्या लोकमान्य नगरात महिन्यातून एका रविवारी आम्ही आठ-दहा जण कुणाच्या तरी घरी जमतो. पोहे होतात, आणि जिलबी संपायच्या आत कुणीतरी आपलं लिखाण वाचतं. मागच्या वेळी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलानं त्याच्या फँटसी कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं. भर बाजाराच्या दिवशी गावकरी एका बाईला झोपडीसकट जाळतात. तिची मुलगी निसटते, बारा वर्षांनी अग्नी वश करून परत येते आणि वेशीपासून सुरुवात करून अख्खं गाव पेटवते. पाटील जळतो, काडी ओढणारा जळतो आणि पारासमोरचा पानवालाही जळतो. तो त्या दिवशी पानाला कात लावत बसला होता.

“अरे, पण त्या पानवाल्यानं काय केलं होतं?” आमच्यातल्या सर्वांत वडील काकूंनी विचारलं.

“काही नाही केलं, काकू. तेच तर.”

त्याला वाटत होतं, हे ‘तेच तर’ त्याला परदेशी कादंबऱ्यांतून मिळालं. खरं तर ते त्याच्या आजीच्या कपाटातल्या पोथीत होतं.

द्यूतसभेतला द्रौपदीचा प्रश्न आपल्याला ठाऊक असतो : जो स्वतःलाच आधी हरला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार राहिला होता का? भीष्म ‘धर्माची गती सूक्ष्म’ म्हणून सुटतात. बाकीचे मूग गिळून बसतात. तेव्हा विदुर काय करतो, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. तो सभेला एक जुनी गोष्ट सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून प्राणांची पैज लागते, आणि निवाडा प्रल्हादाकडे येतो. एका बाजूला पोटचा पोर. प्रल्हाद कश्यपाला विचारतो, की उत्तर दिलंच नाही तर काय होतं? कश्यप हिशेबच मांडून देतो. जिथे निंद्य गोष्टीची निंदा होत नाही, तिथलं अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांना.

हा हिशेब पुन्हा वाचावा असा आहे. करणाऱ्याचा वाटा आणि बघ्यांचा वाटा सारखाच, आणि खुर्चीवरच्याचा दुप्पट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाटण्या थोड्या बदलतात : कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा, प्रत्येकी पाव. सुटायची वाटही दोन्हीकडे सांगितली आहे, आणि ती महाग नाही. निंदेला पात्र असलेल्याची तिथल्या तिथे निंदा झाली, तर राजा आणि सभासद मोकळे. सगळं पाप करणाऱ्याच्या माथी. काकूंच्या पिढीनं शाळेत पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, घोकलेली. त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे तोंड उघडलं असतं, तर पाव माफ.”

त्या सभेत कौरवांपैकी एकानं तोंड उघडलं होतं. विकर्ण. तो उभा राहून म्हणाला, की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कर्णानं त्याला पोरकट ठरवून खाली बसवलं. कश्यपाच्या हिशेबानं विकर्णाच्या नावावर काहीच निघायला नको. पण भीमानं धृतराष्ट्राच्या सगळ्या मुलांना मारायची प्रतिज्ञा केली होती, आणि द्रोणपर्वात विकर्ण भीमाच्याच हातून मरतो. प्रतिज्ञेपायी तू गेलास, असं म्हणून भीम हळहळतो. धृतराष्ट्राचा जो मुलगा वाचला तो युयुत्सू, आणि तो युद्धापूर्वीच पांडवांकडे गेला होता. नुसतं बोलून भागलं नाही.

माझ्या मते अद्भुतकथेची खरी अडचण इथे सुरू होते. धर्मशास्त्र पापाचे पाव-पाव भाग करू शकतं, कारण तिथे निवाडा करणारा माणूस असतो. अद्भुतकथेत सूड घेणाऱ्याच्या हाती अस्त्र असतं, शाप असतो, यज्ञ असतो, आणि या साधनांना अपूर्णांक येत नाहीत. ब्रह्मास्त्र पाव जाळत नाही. साध्या खुनाच्या गोष्टीत बघ्यांचा प्रश्न टाळता येतो, कारण सुरा एकाच्याच पोटात जातो. जादू हातात आली, की पानवाला मध्ये येतोच.

कीर्तनकार भीष्मांना यातून सोडवायचा प्रयत्न करतात. शरपंजरी पडलेले भीष्म धर्म सांगत असतात आणि द्रौपदी हसते. आजोबा, त्या दिवशी हे ज्ञान कुठे होतं? भीष्म म्हणतात, बाळे, तेव्हा दुर्योधनाच्या अन्नाचं रक्त अंगात होतं, ते आता बाणांनी वाहून गेलं. आख्यान रंगतं, श्रोते डोळे पुसतात. मला मात्र ही पळवाट वाटते. दोष अन्नावर ढकलला की जेवणारा सुटतो.

त्यापेक्षा कृपाचार्यांकडे बघावं. युद्ध संपल्याच्या रात्री अश्वत्थामा झोपलेल्यांना मारायचं ठरवतो. कृप त्याला समजावतात : हा अधर्म आहे, सकाळी धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू. तो ऐकत नाही. मग कृप त्याच्यामागोमाग जातात आणि कृतवर्म्याबरोबर छावणीच्या दारात उभे राहून पळणाऱ्यांना कापतात. आत जे घडलं त्याला त्यांचा विरोध होता, दारात जे घडलं ते त्यांनीच केलं. बघ्याचा साथीदार व्हायला एका रात्रीतले दोन-तीन तास पुरतात. असा माणूस मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेला नाही.

शिक्षा कुणाला झाली? अश्वत्थाम्याला, तीन हजार वर्षं रक्तापुवाच्या वासासकट भटकण्याची. आमच्याकडे तर तो अजून जवळपासच राहतो. इंदूरहून बऱ्हाणपूरकडे जाताना लागणाऱ्या असीरगडावरच्या महादेवाला तो येऊन फूल वाहतो म्हणतात, आणि नर्मदेच्या परिक्रमावासीयांकडे जखमेसाठी तेल मागतो. कृपांना मात्र युधिष्ठिरानं जाताना नातवाचा, परीक्षिताचा गुरू नेमलं. ज्या गर्भावर अश्वत्थाम्यानं अस्त्र सोडलं होतं, तोच हा परीक्षित.

पुढची साखळी नीट पाहिली तर तिची एक कडी गप्प राहण्याचीच आहे. शिकारीत दमलेला परीक्षित शमीक ऋषीला विचारतो, हरिण कुठे गेलं? ऋषीचं मौनव्रत. उत्तर नाही. राजा चिडून मेलेला साप त्याच्या गळ्यात टाकतो. ऋषीचा मुलगा शाप देतो, तक्षक चावतो, परीक्षित मरतो, आणि त्याचा मुलगा जनमेजय सर्पसत्र मांडतो. एका तक्षकासाठी सगळी जात होमात. त्याला भरीस घालणाऱ्या उत्तंकाचा तक्षकावर वेगळाच राग असतो : कुंडलं चोरल्याचा. आणि जळणाऱ्या सापांना मुळात शाप का होता? सापांची आई कद्रू, तिनं पैज जिंकण्यासाठी आपल्या मुलांना सांगितलं, की घोड्याच्या शेपटीत काळे केस होऊन बसा. ज्यांनी लबाडीला नकार दिला, त्यांना तिनं हा अग्नी दिला.

मराठीत खुन्नस ठेवण्याला ‘डूख धरणे’ म्हणतात. सापाचा हा स्वभाव आपण माणसाला लावला. महाभारतात मात्र डूख धरणारा बहुतेकदा माणूसच आहे. रुरूची गोष्ट याच कथेच्या उंबऱ्यावर सांगितली जाते. त्याच्या प्रमद्वरेला साप चावतो. आपलं अर्धं आयुष्य देऊन तो तिला परत मिळवतो आणि मग दिसेल तो साप दांडक्यानं ठेचत सुटतो. एक दिवस दांडकं एका डुंडुभावर उगारलं जातं. डुंडुभ म्हणजे आपली दिवड म्हणा, बिनविषारी. तो म्हणतो, चावणारे साप वेगळे. नुसता सापाचा वास येतो म्हणून मला मारू नकोस. त्यांची दुःखं आमच्या वाट्याला येतात, सुखं नाही. सुडाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाचं म्हणणं एवढ्यात आलं.

ही नुसती पोथीतली भीती नव्हे. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावानं विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याआधी त्यांचा भाऊ मल्हारराव शिंद्यांच्या फौजेकडून मारला गेला होता. त्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी शिंद्यांचं उज्जैन लुटलं आणि उत्तरादाखल सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून जाळलं. पुण्यातला हत्ती इंदूरच्या कुठल्या पानवाल्यानं पाहिलाही नसेल.

उज्जैन इथून पन्नासेक किलोमीटर. तिथल्याच विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ हा प्रश्न उलट्या बाजूनं विचारतो. एक भुकेला ब्राह्मण मिळालेलं अन्न झाडाखाली ठेवून हातपाय धुवायला जातो. वर फांदीवर घार साप खात असते. सापाच्या तोंडातलं विष खाली अन्नात पडतं, ब्राह्मण मरतो. पाप कुणाचं? सापाचं, घारीचं, की अन्न देणाऱ्यांचं? राजा म्हणतो, कुणाचंच नाही. साप परस्वाधीन होता, घार आपलं भक्ष्य खात होती, देणाऱ्यांनी भल्या मनानं दिलं. विचार न करता यांच्यातल्या एकाला जो दोषी म्हणेल, पाप त्याचं. कश्यप म्हणतो, गप्प बसलेल्याला पाप लागतं. विक्रम म्हणतो, घाईनं बोलणाऱ्याला. दोघांनाही खरं मानून गोष्ट लिहायची, तर लेखकाला घाम फुटतो.

मराठी रंगभूमीनं बघ्यांवर नेम धरला तो १९०७ साली, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. सरकारलाही कळलं, १९१० मध्ये बंदी आली. मूळ विराटपर्वातला प्रसंग जास्त जाचक आहे. अज्ञातवासात सैरंध्री बनून राहिलेल्या द्रौपदीला भर सभेत कीचक लाथ मारतो. राजा गप्प. युधिष्ठिर कंक बनून तिथेच बसलेला. तो भीमाचा अंगठा आपल्या अंगठ्यानं दाबतो आणि तिला म्हणतो, नटीसारखी रडत फिरू नकोस, राजसभेत द्यूत चाललंय त्यात विघ्न येतं. पुन्हा द्यूत! कीचक रात्री मरतो आणि त्याच्यामागून त्याचे एकशे पाच भाऊबंदही, पण त्यांनी सैरंध्रीला कीचकाबरोबर जाळायला नेलं होतं, त्यामुळे तिथे कुणाला हळहळ वाटत नाही. सभासदांना कुणीच हात लावत नाही.

पश्चिमेकडची वाट थोडक्यात सांगतो, कारण त्या मुलाला ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आधुनिक सूडकथांची आजी म्हणजे ड्यूमाची १८४४-४६ मधली ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’. त्यातला कादरूस हा खास बघ्या : खोट्या पत्राचा कट डोळ्यांसमोर शिजतो, तो दारूत असतो, मग भीतीनं गप्प राहतो. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला, तेव्हा ३८ जणांनी पाहूनही काही केलं नाही, असं वर्तमानपत्रानं छापलं. तो आकडा फुगवलेला होता, हे पुढे उघड झालं, पण तोवर डार्ली आणि लताने या दोन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग होऊन गेले होते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचं सोंग ऐकवलं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांनी वेळेत मदत मागितली. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्क्यांनी. गर्दीत जबाबदारीचीही वाटणी होते. कश्यपाची पावकीच, फक्त उलटी. मग १९७३ साली अर्सुला ल ग्विन यांची ओमेलासची कथा आली. एका कोंडलेल्या मुलाच्या हालांवर अख्खं शहर सुखात जगतं, हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि काही जण मुकाट्यानं शहर सोडून जातात. तिथे सूड नाही, आग नाही. आमच्या मुलाला ती कथा अपुरी वाटते. निघून जाणारे पण बघेच ना, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला महाभारताच्या आरंभीचीच एक छोटी गोष्ट सांगितली. जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्र्याचं पिल्लू येतं. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं. ती विचारते, तू काही चाटलंस का? ते म्हणतं, नाही, पाहिलंसुद्धा नाही. सरमा यज्ञात येऊन जनमेजयाला शाप देते : निरपराधाला मारलंत, न दिसणारं भय तुमच्यावर येईल. काठी भावांनी उगारली, शाप राजाला. सर्पसत्राच्या कितीतरी आधी ही गोष्ट येते.

मुलानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्याच्या गावातही पारावर एक कुत्रं असतं म्हणे, पहिल्याच पानावर.

“कुत्रं वाचवतो मी,” तो म्हणाला. “वेशीबाहेर काढतो तिसऱ्या पानावर.”

“आणि पानवाला?” काकूंनी विचारलं.

त्याचं अजून ठरलेलं नाही.