युरोपातलं अमेरिकाना

अमेरिकाना म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या मातीतल्या गाण्यांवर, म्हणजे कंट्री (गावाकडची गाणी), फोक (लोकगीतं), ब्लूज (काळ्या लोकांची दुःखाची गाणी), गॉस्पेल (चर्चमधली भजनं), ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं जलद कंट्री) यांच्यावर उभं राहिलेलं पण कंट्री-उद्योगाचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या चकचकीत रेडिओ-कंट्रीपासून लांब राहणारं संगीत. ऑल्ट-कंट्री त्याच्या अगदी शेजारचं, पंक आणि रॉकचा हात लागलेलं, जरा खरबरीत. स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्स, ब्रिटन, जर्मनी इथले गायक-गीतकार स्वतःची गाणी लिहून या पद्धतीने गातात त्याला युरोपियन अमेरिकाना म्हणतात. यात 'स्वतःची गाणी' हे महत्त्वाचं आहे, कारण काउबॉय हॅट घालून जुनी कंट्री गाणी म्हणणारे बँड युरोपात फार आधीपासून होते, ते या नोंदीत धरलेले नाहीत.

नावाचा घोळ बराच आहे. अमेरिकाना हा शब्द मुळात संगीताचा नाही, जुने नकाशे, पुस्तकं, गोधड्या, घरगुती वस्तू असं जे काही अमेरिकेच्या इतिहासाशी जोडलेलं आणि संग्रह करण्यासारखं असेल त्या सगळ्याला तो वापरत. संगीतात तो पक्का बसला तो साधारण 1995 मध्ये, गॅव्हिन रिपोर्ट या रेडिओवाल्यांच्या व्यावसायिक साप्ताहिकाने त्या जानेवारीत 'अमेरिकाना' नावाचा चार्ट सुरू केला तेव्हा. म्हणजे हे नाव कुठल्या गायकाने दिलेलं नाही, रेडिओ स्टेशनांना काय वाजवायचं ते कळावं म्हणून पडलेलं आहे. ऑल्ट-कंट्रीची गोष्ट थोडी वेगळी. इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावच्या अंकल टुपेलो या बँडने 1990 मध्ये पहिला अल्बम काढला, त्याचं 'नो डिप्रेशन' हे नाव कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक-कुटुंबाने 1936 मध्ये रेकॉर्ड केलेल्या गाण्यावरून घेतलं आणि पुढे 1995 मध्ये सिएटलमध्ये निघालेल्या मासिकानेही तेच नाव उचललं, त्यामुळे बरेच जण ऑल्ट-कंट्रीचा जन्म 1990 धरतात. काही जण त्याही मागे कंट्री आणि रॉक एकत्र करणाऱ्या ग्रॅम पार्सन्सपर्यंत, म्हणजे 1968 च्या आसपास जातात, आणि नुसता आवाज ऐकला तर ते पटतं. नाव 1995 चं आणि चाल साठच्या दशकाच्या शेवटाची असं धरणं त्यातल्या त्यात सोयीचं.

युरोपात सुरुवात कुठून धरायची यावरही एकमत नाही. एक मत असं की इंग्लिश गायक एल्व्हिस कॉस्टेलोने 1981 मध्ये नॅशव्हिलला जाऊन कंट्री गाण्यांचा अल्बम केला तिथून. पण ती सगळी दुसऱ्यांची गाणी होती, त्यामुळे वर दिलेल्या व्याख्येत तो नीट बसत नाही. दुसरं मत इंग्लंडमधल्या लीड्सच्या द मेकॉन्सकडे बोट दाखवतं. हा 1977 चा पंक बँड, मध्ये जवळजवळ थंडावला होता, ब्रिटनमधल्या 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपाच्या वेळी मदतीच्या कार्यक्रमांसाठी परत एकत्र आला आणि 1985 मध्ये फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि हाँकी-टाँकच्या (दारूच्या गुत्त्यातल्या कंट्रीच्या) अंगाने जाणारा एक अल्बम त्यांनी काढला. अंकल टुपेलोच्या पाच वर्षं आधी. हरलेल्या माणसांची, दारूची, रात्रीच्या रस्त्यांची कंट्रीतली भाषा त्यांनी आपल्या देशातल्या हरलेल्या लढ्याला लावली, नुसती नक्कल केली नाही. त्यामुळे हे दुसरं मत जास्त वजनदार वाटतं, जरी तेव्हा त्या संगीताला हे नाव कुणी दिलं नव्हतं तरी.

याच्याही मागे जाऊन काही अभ्यासक म्हणतात की हे संगीत मुळात युरोपातूनच गेलं, त्यामुळे युरोपियन माणसाने ते गाणं म्हणजे घरी परत आणणं. यात अर्धं खरं आहे. इंग्लिश संग्राहक सेसिल शार्प 1916 ते 1918 दरम्यान मॉड कार्पेलीजबरोबर पूर्व अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगरात फिरला तेव्हा इंग्लंड-स्कॉटलंडमधली जुनी कथागीतं तिथल्या घराघरात गायली जात होती. पण बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आला, आणि ब्लूजशिवाय कंट्री उभंच राहत नाही. (आपल्याकडे मुंबईत बँजो पार्टी म्हणतो त्यातला बँजो वेगळा, तो बुलबुलतरंगाच्या घराण्यातला, नावाने फसू नये.) यॉडलिंगचंही, म्हणजे आवाज खालच्या सुरातून वरच्या पातळ सुरात झटकन उलटवत गाण्याचंही, तसंच. कंट्री गायक जिमी रॉजर्सने 1927 मध्ये ब्लूजच्या कडव्याला यॉडल जोडून रेकॉर्ड केलं, पण ते त्याच्यापर्यंत कसं पोचलं यावर मतं आहेत. आल्प्समधल्या टायरॉलच्या राइनर कुटुंबाने 1839 ते 1843 अमेरिकेत दौरा केला होता आणि त्यांच्यामागून अशा आल्प्सच्या मंडळींची रीघ लागली, तिथून ते नाटकमंडळ्यांच्या स्टेजवर आणि मग रॉजर्सपर्यंत आलं असावं हा मार्ग जास्त संभवतो. काही जण आफ्रिकन-अमेरिकन शेतमजुरांच्या हाळ्यांमधून आलं असंही म्हणतात, आणि दोन्ही एकत्र असायलाही हरकत नाही. किशोरकुमारने यॉडल उचललं तेही रॉजर्स आणि टेक्स मॉर्टनच्या रेकॉर्डी ऐकून असं सांगतात, म्हणजे आल्प्सची ही लकेर अमेरिकेला वळसा घालून आपल्यापर्यंत आलेली आहे.

वाद्यांबद्दल थोडक्यात. अकूस्टिक गिटार, फिडल, मँडोलिन, आणि सगळ्यात ओळखू येणारं पेडल स्टील. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात मांडीवर ठेवून वाजवतात ती हवाईयन गिटार याच वाद्याची आधीची पिढी, पेडल स्टीलमध्ये पायाने आणि गुडघ्याने तारांचा ताण बदलता येतो म्हणून तो सूर रडल्यासारखा सरकतो.

आजच्या पिढीत सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं नाव फर्स्ट एड किट, स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या भागात वाढलेल्या योहाना (जन्म 1990) आणि क्लारा (जन्म 1993) सोडरबर्ग या दोघी बहिणी. वडील लोलिता पॉप या स्वीडिश बँडमध्ये होते. क्लारा साधारण बारा वर्षांची असताना तिला एका मित्राकडून ब्राइट आइज हा अमेरिकन बँड ऐकायला मिळाला, तिथून बॉब डिलन, कार्टर फॅमिली, लूव्हिन ब्रदर्स ही जुनी कंट्री जोडी असं मागे मागे जाणं झालं. 2008 मध्ये जंगलात बसून फ्लीट फॉक्सेस या अमेरिकन बँडचं एक गाणं दोघींनी गायलं तो व्हिडिओ यूट्यूबवर पसरला आणि नाव झालं. 2010 चा पहिला अल्बम वडिलांनी प्रोड्यूस केला, 2012 चा ओमाहा, नेब्रास्कामध्ये माइक मोगिसने, म्हणजे ज्या ब्राइट आइजमुळे सुरुवात झाली त्याच बँडमधल्या माणसाने. त्यातलं 'एमीलू' हे गाणं एमीलू हॅरिस-ग्रॅम पार्सन्स, जून कार्टर-जॉनी कॅश या कंट्री गायकांच्या जोड्यांची नावं घेऊन एकत्र गाण्याची विनवणी करतं. 2015 मध्ये एमीलू हॅरिसला स्टॉकहोममध्ये पोलर म्युझिक प्राइझ हा संगीताचा मोठा स्वीडिश पुरस्कार मिळाला तेव्हा या दोघींनी ते तिच्या समोर गायलं.

त्यांच्या गाण्याचं मर्म हार्मनीत आहे. आपल्याकडे दोघं एकत्र गायले तरी बहुतेक एकाच सुरात गातात, इथे दोन आवाज एकाच वेळी वेगवेगळे सूर धरून शब्द मात्र एका श्वासात म्हणतात. सख्ख्या भावंडांचे आवाज असे जुळले की वेगळे काढताच येत नाहीत, कंट्रीत ही भावंडांची परंपरा फार जुनी आहे आणि लूव्हिन ब्रदर्स तिचे मोठे मानकरी. स्टॉकहोमच्या दोन मुलींनी ती रेकॉर्डींवरून शिकून घ्यावी आणि ती इतकी खरी वाटावी हे खरंच थक्क करणारं आहे. 2018 चा अल्बम अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये निर्माता टकर मार्टिनबरोबर झाला, 2022 चा मात्र त्यांनी परत स्वीडनमध्ये येऊन रेकॉर्ड केला आणि त्यात कंट्रीपेक्षा पॉप जास्त आहे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या योला या गायिकेने 2019 मध्ये नॅशव्हिलला निर्माता डॅन ऑरबाखबरोबर पहिला पूर्ण अल्बम केला आणि तिला चार ग्रॅमी नामांकनं मिळाली. नेदरलँड्सची इल्से डेलांगे 1998 पासून नॅशव्हिलशी जोडलेली, 2014 मध्ये कोपनहेगनला झालेल्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत ती आणि गायक वेलॉन द कॉमन लिनेट्स या नावाने दुसरे आले. ब्रिटनमध्ये अमेरिकानाची स्वतंत्र संघटना 2012 ची आणि तिचे पुरस्कार 2016 पासून, नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनला टेक रूट हा अमेरिकानाचा फेस्टिव्हल भरतो.

भाषेचा प्रश्न राहतो. वर आलेले सगळे इंग्रजीत गातात. पण नॉर्वेतल्या हालिंगदाल दरीतला हेलबिलीज हा बँड 1990 पासून आपल्या दरीच्या बोलीतच गातो, आणि चेक लोकांनी तर हे फार आधी केलं. 1964 मध्ये अमेरिकन लोकगायक पीट सीगर प्रागला गाऊन गेला, त्याचा पाच तारांचा बँजो तिथे बाजारात मिळत नव्हता म्हणून मार्को चेर्माकने फोटो बघून स्वतः बनवला, पुढे तो ज्या ग्रीनहॉर्न्स बँडमध्ये होता त्याने जॉनी कॅशची गाणी चेक शब्दांत गायली, आणि सत्तरच्या दशकात इंग्रजी नाव तिथल्या कम्युनिस्ट सरकारला चालेना म्हणून बँडला त्याच अर्थाचं चेक नाव घ्यावं लागलं, झेलेनाची. 1978 मध्ये खुद्द कॅश प्रागमध्ये येऊन गायला तेव्हा समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्याची गाणी आधी चेकमधूनच पाठ असणार.