हेल्पिंग व्हर्ब एकटे आले तरी वाक्य पूर्ण असते
मुख्य क्रियापदाशिवाय हेल्पिंग व्हर्ब (सहायक क्रियापद, जसे ‘हॅज’) वापरले की इंग्रजी वाक्य चुकते, असा समज वर्षानुवर्षे फॉरवर्ड होतो आहे. तो खरा नाही; मुख्य क्रियापद आधीच्या वाक्यातून कळत असेल तर ते गाळता येते. नाशिकरोड स्टेशनवर कुणी विचारले, ‘हॅज द ट्रेन लेफ्ट?’, तर ‘येस, इट हॅज’ हे शुद्ध उत्तर. मराठीत आपण ‘हो, गेली’ म्हणतो, मुख्य क्रियापदच परत येते. म्हणून इंग्रजी रीत अपुरी वाटणे साहजिक आहे.

पडताळणी सोपी: आधीच्या वाक्यातले सहायक क्रियापद शोधा, तेच उत्तरात घ्या. ते नसेल, ‘इज-आर’ही नसेल, तरच ‘डू’ आणा, काळ सांभाळून: ‘शी वेंट टू पंचवटी, अँड आय डिड टू.’ सगळीकडे ‘डू’ लावल्याने चुका होतात. होकारात ‘येस, इट्स’ असे आखडू नका. ‘येस, इट इज’ पूर्ण म्हणा.